पोस्टग्रेस-पॅट्रोनी क्लस्टर अ‍ॅन्सिबलने: पहिल्यांदा नीट उभा राहतो, प्लेबुक पुन्हा चालवलं की गडबड

सह्यकडा:

नमस्कार मंडळी. पोस्टग्रेस १६ (डेटाबेस), पॅट्रोनी ४ (कोणता नोड मुख्य हे सांभाळणारा), ईटीसीडी ३.५ (क्लस्टरची सामाईक माहिती ठेवणारा) आणि एचएप्रॉक्सी (कनेक्शन योग्य नोडकडे वळवणारा) असा क्लस्टर अ‍ॅन्सिबलने (मशीनची मांडणी आपोआप करणारं साधन) उभारतोय. तीन व्हीएम, प्रत्येकी ८ कोअर आणि ३२ जीबी रॅम, सगळीकडे उबुंटू २२.०४. दोन व्हीएम नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, तिसरी पुण्यात. ईटीसीडी याच तीन मशीनवर, त्याच डिस्कवर. डेटा साधारण ४०० जीबी. प्लेबुक (अ‍ॅन्सिबलने करायच्या कामांची फाइल) स्वतः लिहिलंय.

कोऱ्या मशीनवर पहिल्यांदा चालवलं की सगळं व्यवस्थित. पुढे अडतं ते असं:

पहिलं, टेम्प्लेटच्या बूटस्ट्रॅप विभागात मॅक्स_कनेक्शन्स २०० चे ४०० केले. प्लेबुक ‘चेंज्ड’ दाखवतं, पॅट्रोनी रीस्टार्ट होतो, पण डेटाबेसला विचारलं की २००च.

दुसरं, कॉन्फिग फाइलमध्ये काहीही बदललं की हँडलर (बदल झाला तरच चालणारं प्लेबुकमधलं काम) तिन्ही नोड एकदम रीस्टार्ट करतो आणि लेखन बंद पडतं.

तिसरं, एखादा नोड पुसून पुन्हा बनवला की कधी पॅट्रोनी म्हणतो सिस्टम आयडी जुळत नाही, हा नोड दुसऱ्या क्लस्टरचा आहे; कधी ईटीसीडीच क्लस्टर आयडी जुळत नाही म्हणून उठत नाही.

चौथं, नवी मुंबईचं सेंटर पूर्ण बंद पडलं तर पुण्याचा नोड आपोआप प्रायमरी (लेखन घेणारा मुख्य नोड) होईल ना?

लॉगवाचक:

पहिल्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. क्लस्टरची काही माहिती प्लेबुकच्या ताब्यात असते आणि काही क्लस्टरच्या स्वतःच्या. प्लेबुकने दुसऱ्या भागात हात घातला की गोंधळ होतो. पॅकेजं, सर्टिफिकेटं, फायरवॉल, सिस्टमडीच्या फाइली, पॅट्रोनीची स्थानिक फाइल हे प्लेबुकचं. प्रायमरी कोण आहे आणि सगळ्या नोडना लागू असलेली सेटिंग्ज काय आहेत हे ईटीसीडीत असतं, ते क्लस्टरचं.

बूटस्ट्रॅपखालचा डीसीएस (ईटीसीडीत जाणारी सामाईक सेटिंग्ज) हा विभाग पॅट्रोनी फक्त एकदाच वाचतो, क्लस्टर जन्माला येताना. त्यातला मजकूर ईटीसीडीत गेला की त्यानंतर फाइलमध्ये काहीही लिहा, उपयोग नाही. शिवाय मॅक्स_कनेक्शन्स, मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस, मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन, मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स, वॉल_लेव्हल ही मंडळी स्थानिक फाइलमधूनही बदलत नाहीत, पॅट्रोनी ती मुद्दाम फक्त ईटीसीडीतून घेतो. हाताने बदलायचं तर पॅट्रोनीसीटीएल एडिट-कॉन्फिग. प्लेबुकमधून करायचं तर कुठल्याही एका नोडच्या ८००८ पोर्टवर /कॉन्फिगला आधी गेट करा, हव्या असलेल्या मूल्यांशी ताडून बघा आणि फरक असेल तरच पॅच पाठवा. सरळ पॅच पाठवत राहिलात तर चालतं, पण प्लेबुक दर वेळी ‘चेंज्ड’ म्हणेल आणि खरा बदल कधी झाला ते कळणार नाही. या टास्कला रन_वन्स लावा. आणि रेस्ट एपीआयवर युजर-पासवर्ड ठेवा, नाहीतर नेटवर्कवरचा कुणीही तुमची सेटिंग्ज बदलू शकतो.

पॅच गेल्यावर मॅक्स_कनेक्शन्ससारख्या गोष्टींना रीस्टार्ट लागतो. पॅट्रोनी तो आपण होऊन करत नाही, यादीत ‘पेंडिंग रीस्टार्ट’ अशी खूण दाखवतो. मूल्य वाढवताना आधी रेप्लिका (प्रायमरीची नक्कल ठेवणारे नोड) रीस्टार्ट करायच्या, मग प्रायमरी. कमी करताना उलटं. हा क्रम पोस्टग्रेसचाच आहे, कारण रेप्लिकेवरचं मूल्य प्रायमरीपेक्षा कमी चालत नाही.

आता हँडलर. बहुतेक बदलांना रीस्टार्ट लागतच नाही, सिस्टमडीतून पॅट्रोनी रीलोड पुरतो. तेव्हा हँडलरमध्ये रीलोडच ठेवा आणि रीस्टार्टसाठी वेगळं प्लेबुक करा. त्यात सिरियल १, एनी_एरर्स_फेटल चालू. एकेक रेप्लिका रीस्टार्ट, ती पुन्हा ‘स्ट्रीमिंग’ दिसेपर्यंत थांबा, मग पुढची. शेवटी पॅट्रोनीसीटीएल स्विचओव्हर करून जुन्या प्रायमरीला रेप्लिका बनवा आणि त्यालाही तसंच हाताळा. लेखन थांबेल ते फक्त स्विचओव्हरपुरतं, काही सेकंद.

इथे बहुतेक प्लेबुकांत एक चूक सापडते: इन्व्हेंटरीत ‘प्रायमरी’ आणि ‘रेप्लिका’ असे दोन गट. पहिल्या फेलओव्हरनंतर (प्रायमरी गेल्यावर रेप्लिकेने त्याची जागा घेतली की) ती इन्व्हेंटरी खोटी ठरते आणि प्लेबुक चालू प्रायमरीला रेप्लिका समजून आधी रीस्टार्ट करतं. एकच गट ठेवा. प्रायमरी कोण हे प्रत्येक वेळी /क्लस्टर या पत्त्यावर विचारून ठरवा.

सिस्टम आयडीचं: उबुंटू-डेबियनवर पोस्टग्रेसचं पॅकेज बसलं की ते लगेच ‘मेन’ नावाचा क्लस्टर तयार करून ५४३२ वर चालू करतं. त्याला स्वतःचा सिस्टम आयडी असतो. पॅट्रोनीची डेटा डिरेक्टरी तीच असेल तर नव्या नोडवर त्याला तयार, पण परका डेटा सापडतो. पहिल्या वेळी तुमचं प्लेबुक ‘मेन’ पुसत असावं आणि पुढच्या वेळी अटीमुळे ती पायरी गळत असावी. पुसण्यापेक्षा तो होऊच देऊ नका: आधी पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन बसवा, क्रिएटक्लस्टर.कॉन्फमध्ये क्रिएट_मेन_क्लस्टर फॉल्स करा, मगच पोस्टग्रेसक्यूएल-१६. शिवाय पोस्टग्रेसची सिस्टमडी सेवा मास्क करा; पोस्टग्रेस सुरू-बंद करणं हे फक्त पॅट्रोनीचं काम.

डेटा डिरेक्टरी पुसणारा टास्क प्लेबुकात असेल तर त्याला ‘नेव्हर’ टॅग लावा. बिघडलेली रेप्लिका नव्याने भरायला पॅट्रोनीसीटीएल रीइनिट आहे, आणि ते प्रायमरीवर चालत नाही, हे त्याचं मोठं संरक्षण.

क्लस्टर अजून कोरा आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. इनिटडीबीला डेटा-चेकसम्स द्या (पोस्टग्रेस १८ पासून ते मुळातच चालू असतात), म्हणजे पीजी_रीवाइंडला लागणारी अट पूर्ण होते आणि फेलओव्हरनंतर जुना प्रायमरी ४०० जीबी पुन्हा न आणता रुळावर येतो. चेकसम्स नसतील तर वॉल_लॉग_हिंट्स तरी हवं. आणि बूटस्ट्रॅपमधून डेटाबेस युजर बनवण्याची सोय पॅट्रोनी ४ मध्ये काढून टाकलीय. जुन्या ब्लॉगवरून टेम्प्लेट घेतलं असेल तर युजर तयार होणारच नाहीत. ते काम पोस्ट_बूटस्ट्रॅप स्क्रिप्टमध्ये किंवा वेगळ्या टास्कमध्ये करा.

तयार काही बघायचं असेल तर ऑटोबेस आहे, आधी पोस्टग्रेसक्यूएल_क्लस्टर या नावाने होता. वापरला नाही तरी त्याचे रोल वाचण्यासारखे आहेत.

बहुमत:

ईटीसीडीकडे वळतो. तुमच्या रचनेत सगळ्यात नाजूक जागा तीच आहे.

पुसून बनवलेला नोड का उठत नाही? टेम्प्लेटमध्ये इनिशियल-क्लस्टर-स्टेट ‘न्यू’ असं कायमचं लिहिलेलं असणार. रिकामी डेटा डिरेक्टरी आणि ‘न्यू’ एकत्र आले की तो नोड स्वतःचा नवा क्लस्टर काढायला बघतो आणि जुने दोघे त्याला ओळखत नाहीत. क्रम असा हवा: जिवंत नोडवरून ईटीसीडीसीटीएल मेंबर रिमूव्ह करून जुनी नोंद काढा, मग मेंबर अ‍ॅड, नव्या नोडवर डेटा डिरेक्टरी रिकामी, स्टेट ‘एक्झिस्टिंग’, मग सेवा चालू. आधी अ‍ॅड आणि मग रिमूव्ह करू नका. एक मेलेला आणि एक अजून न उठलेला असे चार सभासद झाले की बहुमताला तीन लागतात, आणि जिवंत दोनच असतात. प्लेबुकमध्ये पहिलाच टास्क असा ठेवा की ‘क्लस्टर आधीच आहे का’ हे बाकीच्या नोडना विचारेल आणि त्यावरून स्टेट ठरवेल.

डिस्क. ईटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे जात नाही. त्याच्या वॉलच्या (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो त्या लॉगच्या) एफसिंकला, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहिण्याला, ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, अशी त्यांचीच शिफारस आहे. पोस्टग्रेसचा मोठा चेकपॉइंट किंवा बॅकअप त्याच डिस्कवर चालू असला की हा आकडा कुठल्या कुठे जातो. मग प्रायमरीला लॉकचं नूतनीकरण वेळेत करता येत नाही आणि डेटाबेस ठणठणीत असूनही पॅट्रोनी त्याला खाली उतरवतो. रात्री बॅकअपच्या वेळी विनाकारण फेलओव्हर होत असेल तर आधी इथे बघायचं. वेगळी छोटी एसएसडी द्या. १० जीबीसुद्धा भरपूर झाली.

टीटीएल (प्रायमरीच्या लॉकची मुदत) ३०, लूप_वेट (दोन फेऱ्यांमधली वाट) १०, रीट्राय_टाइमआउट (ईटीसीडीला पुन्हा विचारत राहण्याची मुदत) १० सेकंद ही मूळ मूल्यं आहेत. लूप_वेट अधिक दुप्पट रीट्राय_टाइमआउट ही बेरीज टीटीएलपेक्षा जास्त होता कामा नये. फेलओव्हर लवकर व्हावा म्हणून नुसतं टीटीएल खाली आणणारे हे गणित मोडतात आणि नेटवर्कच्या छोट्या हिसक्यालाही प्रायमरी बदलतो.

आणखी एक हमखास विसरलं जातं: ईटीसीडीचं ऑटो-कॉम्पॅक्शन मुळात बंद असतं. कुबरनेटीसमध्ये एपीआय सर्व्हर ते काम करतो, पॅट्रोनी करत नाही. पॅट्रोनीच्या नोंदी लहान, पण सतत. जुन्या आवृत्त्या साठत जातात आणि २ जीबीची मूळ मर्यादा गाठली की ईटीसीडी लिहिणं नाकारतो. पिरिऑडिक मोड आणि १ तासाचं रिटेन्शन टेम्प्लेटमध्ये घाला.

आता चौथा प्रश्न. नाही, पुणे आपोआप उठणार नाही. तीनपैकी दोन ईटीसीडी नवी मुंबईत आहेत, त्या गेल्या की पुण्यात बहुमत उरत नाही. पुण्यात दोन ठेवल्या तर उलट बाजूने तीच अडचण. दोन जागांत हे सुटत नाही. तिसरी जागा हवी, तिथे फक्त ईटीसीडी, डेटाबेस नाही. एखाद्या क्लाउडवरची २ जीबी रॅमची व्हीएम पुरते, डिस्क मात्र बरी हवी. तिन्ही जागी एकेक ईटीसीडी. मुंबई-पुण्यातलं अंतर काही मिलिसेकंदांचं, त्याला १०० मिलिसेकंद हार्टबीट आणि १००० मिलिसेकंद इलेक्शन टाइमआउट ही मूळ मूल्यं चालतात.

तिसरी जागा मिळणारच नसेल तर तिन्ही ईटीसीडी नवी मुंबईत ठेवा, पुण्यात वेगळ्या ईटीसीडीसह पॅट्रोनीचा स्टँडबाय क्लस्टर (मूळ क्लस्टरची सतत नक्कल ठेवणारा) करा, आणि गरज पडल्यावर माणसाने एडिट-कॉन्फिगमधून स्टँडबाय_क्लस्टर विभाग काढून तो उठवावा. आपोआप नाही, पण काय होतंय ते स्पष्ट असतं. नवी मुंबईत निदान जुना प्रायमरी बंद आहे याची खात्री करूनच.

सह्यकडा:

फारच नेमकं, आभार. तिसऱ्या जागेची सोय होईल. आणखी दोन शंका.

चालू डेटा सध्या एकाच जुन्या सर्व्हरवर आहे: पोस्टग्रेस १४, उबुंटू १८.०४. नव्या मशीनवर तात्पुरतं १४ बसवून त्याची रेप्लिका काढावी आणि मग पीजी_अपग्रेड करावं, असा विचार आहे. चालेल?

आणि सिंक्रोनस_मोड (कमिट रेप्लिकेवरही पोचल्यावरच पूर्ण धरायचं) चालू करायचंय, पण प्रत्येक कमिटला पुण्याची वाट बघावी लागू नये म्हणून पुण्याच्या नोडला नोसिंक टॅग (या नोडची वाट बघू नको, अशी खूण) द्यायचाय.

अनुक्रमणी:

रेप्लिका काढून आणू नका. उबुंटू १८.०४ मध्ये ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रमही तीच ठरवते) २.२७ आहे, २२.०४ मध्ये २.३५. मधल्या २.२८ मध्ये अक्षरांचा अनुक्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. मजकुराच्या कॉलमवरचा बी-ट्री इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, आणि नवं मशीन त्यात नव्या क्रमाने शोधणार. रेप्लिका सुरळीत चालू होते, एरर येत नाही. फक्त काही नावं शोधली की सापडत नाहीत आणि युनिक कॉलममध्ये तीच नोंद दुसऱ्यांदा शिरते. मराठी नावं, गावं, पत्ते असलेल्या टेबलांवर हे लक्षातही उशिरा येतं. पीजी_अपग्रेडने इंडेक्स नव्याने रचले जात नाहीत, तेव्हा तो दोष पुढेही जातो.

मार्ग दोन. काही तास सेवा बंद ठेवता येत असेल तर पीजी_डंप डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, अनेक जॉब लावून, आणि नव्या क्लस्टरवर रिस्टोअर. इंडेक्स तिथेच नव्याने बनतात, प्रश्न मिटला. रिस्टोअरच्या वेळी मेंटेनन्स_वर्क_मेम २ जीबीपर्यंत न्या, सिंक्रोनस_मोड तेवढ्यापुरता बंद ठेवा.

बंद ठेवता येत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशन (फाइलींऐवजी टेबलांच्या ओळींमधले बदल पाठवणारं). आधी फक्त स्कीमा न्या, मग पब्लिकेशन-सबस्क्रिप्शन. यात सिक्वेन्सची मूल्यं येत नाहीत, टेबलांच्या रचनेतले बदल येत नाहीत, आणि प्रायमरी की नसलेल्या टेबलावरचे अपडेट-डिलीट रेप्लिका आयडेंटिटी ठरवल्याशिवाय मूळ सर्व्हरवरच एरर देतात. म्हणून पब्लिकेशन बनवण्याआधी अशी टेबलं शोधून काढा. बदलाच्या क्षणी सिक्वेन्स पुढे नेण्याची स्क्रिप्ट तयार ठेवा.

नवा क्लस्टर बनवताना आयसीयूचा (अक्षरांचा क्रम ठरवणारी ग्लिबसीबाहेरची लायब्ररी) एमआर-आयएन लोकेल घेता येईल. पोस्टग्रेस १५ पासून तो पूर्ण डेटाबेसचा मूळ अनुक्रम म्हणून चालतो. मात्र आयसीयूची आवृत्तीही तिन्ही नोडवर सारखीच हवी. प्लेबुकच्या सुरुवातीला एक असर्ट टास्क टाका: ओएसची, ग्लिबसीची आणि आयसीयूची आवृत्ती सगळीकडे एकच नसेल तर तिथेच थांब.

बहुमत:

नोसिंकबद्दल सावध. सिंक्रोनस_मोड चालू असताना पॅट्रोनी आपोआप बढती देतो ती फक्त सिंक्रोनस म्हणून नोंदलेल्या रेप्लिकेला. पुणे नोसिंक असेल तर ते कधीच त्या नोंदीत येणार नाही. म्हणजे तिसरी जागा उभारूनही नवी मुंबई गेल्यावर पुणे आपोआप उठणार नाही. माणसाने पॅट्रोनीसीटीएल फेलओव्हर करून पुण्याचं नाव द्यावं लागेल, आणि शेवटचे काही व्यवहार गेले असतील हे स्वीकारून. आपोआपच हवं असेल तर पुण्याला सिंक्रोनस_नोड_काउंट २ करून सामील करा आणि प्रत्येक कमिटमागे ते काही मिलिसेकंद सोसा. माझं मत: पैशाच्या नोंदी असतील तर सोसा.

सिंक्रोनस_मोड_स्ट्रिक्ट मात्र विचार करून. साध्या मोडमध्ये एकही रेप्लिका उरली नाही तर प्रायमरी एकटा लिहीत राहतो. स्ट्रिक्टमध्ये लेखन अडतं.

अ‍ॅसिंक्रोनस ठेवलंत तर जास्तीत जास्त तोटा किती, याचा हिशेब मॅक्सिमम_लॅग_ऑन_फेलओव्हर (मुळात १०४८५७६ बाइट, म्हणजे १ एमबी) अधिक शेवटच्या टीटीएल सेकंदांत लिहिलेलं, असा होतो. ते १ एमबी म्हणजे पूर्ण हमी, असं समजू नका.

तारतम्य:

राहिलेल्या भागावर: एचएप्रॉक्सी, वॉचडॉग आणि चाचण्या.

एचएप्रॉक्सीत लेखनासाठी ५००० पोर्टवर /प्रायमरी, वाचनासाठी ५००१ वर /रेप्लिका?लॅग=१०एमबी, दोन्ही तपासण्या ८००८ वर. इंटर ३ सेकंद, फॉल ३, राइज २ (दर ३ सेकंदांनी तपासणी, सलग ३ चुकल्या की नोड बाद, २ जमल्या की परत). ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स विसरू नका. ते नसेल तर उतरवलेल्या नोडला चिकटलेली जुनी कनेक्शनं तशीच राहतात आणि अ‍ॅप्लिकेशन ‘रीड-ओन्ली’च्या एररी देत बसतं. एचएप्रॉक्सी एकच ठेवलात तर तोच कच्चा दुवा. कीपअलाइव्हडीने (दोन मशीनमध्ये एकच पत्ता फिरवणारं साधन) दोन ठेवा, किंवा अ‍ॅप्लिकेशनच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्येच तिन्ही होस्ट आणि टार्गेट_सेशन_अ‍ॅटर्स रीड-राइट द्या. क्लाउडवर कीपअलाइव्हडीचा तरंगता पत्ता बहुधा चालत नाही, तिथे दुसरा मार्गच बरा.

पॅट्रोनीची प्रक्रियाच मेली किंवा गोठली तर पोस्टग्रेस मात्र प्रायमरी म्हणून चालूच राहतो, आणि ३० सेकंदांत दुसरा प्रायमरी उठतो. त्यासाठी वॉचडॉग (पॅट्रोनीकडून खबर येणं थांबलं की मशीन रीबूट करणारी यंत्रणा). उबुंटूवर सॉफ्टडॉग मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये असतं, मॉड्यूल्स-लोडमध्ये नाव लिहिलं तरी बूटवेळी चढत नाही. सिस्टमडीच्या पॅट्रोनी युनिटमध्ये आधी मॉडप्रोब चालवा आणि /डेव्ह/वॉचडॉगची मालकी पोस्टग्रेस युजरला द्या. मोड ‘रिक्वायर्ड’ ठेवा. ‘ऑटोमॅटिक’मध्ये वॉचडॉग मिळाला नाही तर पॅट्रोनी त्याच्याविनाच पुढे जातो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

लाइव्ह जाण्याआधी या चाचण्या, सगळ्या लेखन चालू असताना:

पोस्टग्रेसला किल -९. इथे फेलओव्हर व्हायलाच हवा असं नाही. पॅट्रोनी आधी त्याच नोडवर पोस्टग्रेस पुन्हा उठवतो आणि प्रायमरी_स्टार्ट_टाइमआउटइतका, म्हणजे मुळात ३०० सेकंद, धीर धरतो. रिकव्हरी लांबली तर पाच मिनिटं लेखन बंद. ते चालणार नसेल तर हे मूल्य कमी करा.

पॅट्रोनीला किल -स्टॉप. टीटीएल संपायच्या ५ सेकंद आधी वॉचडॉगने मशीन रीबूट करायला हवं. झालं नाही तर वॉचडॉग नुसता कागदावर आहे.

प्रायमरीचं नेटवर्क पूर्ण तोडा. त्याने स्वतःहून खाली उतरावं. जोडल्यावर पीजी_रीवाइंड होऊन रेप्लिका म्हणून परत यावं.

तिन्ही ईटीसीडी एकदम बंद करा. फेलसेफ_मोड चालू नसेल तर प्रायमरीही लेखन थांबवेल. पॅट्रोनी ३.० पासून असलेला हा मोड चालू केला की बाकीचे सगळे नोड रेस्ट एपीआयवर उत्तर देत असतील तोवर प्रायमरी टिकतो. माझ्या मते चालूच ठेवावा.

एक रेप्लिका दोन तास बंद ठेवा. पॅट्रोनी ४ मध्ये तिचा स्लॉट (तिला लागणारं वॉल प्रायमरीवर राखून ठेवणारी नोंद) मेंबर_स्लॉट्स_टीटीएलप्रमाणे मुळात ३० मिनिटं राखला जातो, मग काढला जातो. त्यानंतर हवं ते वॉल प्रायमरीवर नसेल तर आर्काइव्हमधून यावं लागेल. उलट हे मूल्य खूप वाढवलंत तर वॉल साठून प्रायमरीची डिस्क भरते. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझला मर्यादा घाला, डिस्कच्या आकाराप्रमाणे ५० जीबी वगैरे.

लॉगवाचक:

आर्काइव्हचा विषय निघालाच आहे तर: पीजीबॅकरेस्ट (बॅकअप आणि वॉल आर्काइव्हचं साधन) पहिल्याच दिवशी प्लेबुकात घ्या, रिपॉझिटरी या तीन मशीनबाहेर. चुकून केलेला ड्रॉप टेबल क्षणात तिन्ही नोडवर पोचतो, तिथे रेप्लिका काही वाचवत नाही. पॅट्रोनीच्या क्रिएट_रेप्लिका_मेथड्समध्ये आधी पीजीबॅकरेस्ट आणि मग बेसबॅकअप असा क्रम दिला की ४०० जीबीची नवी रेप्लिका रिपॉझिटरीतून भरते, प्रायमरीवर भार पडत नाही. डेल्टा पर्याय चालू ठेवा, म्हणजे अर्ध्यावर तुटलं तरी फक्त बदललेल्या फाइली येतात. आर्काइव्ह_कमांड सगळ्या नोडना एकच लागते, म्हणून तीही बूटस्ट्रॅपमध्ये न लिहिता त्या पॅच टास्कमध्येच घाला. आर्काइव्ह_मोड मात्र रीस्टार्टशिवाय चालू होत नाही, तेव्हा तो क्लस्टरच्या जन्माच्या वेळीच ‘ऑन’ असू द्या.